बेझाँसोंमधले रविवार

"फ्रान्सला सेमिस्टर करून आलीस ना? मग मराठी विभागासाठी लेख दे." मॅगझिनच्या मराठी एडिटरनं कॅन्टीनमध्ये गाठून हे सांगितलं तेव्हा माझ्या हातातला वडापाव हातातच राहिला. मी म्हटलं, "अरे, मी कॉन्व्हेंटची. इंग्लिशमध्ये देते ना." तर म्हणतो कसा, "इंग्लिशमध्ये ढीग पडलाय. मराठीत पानं रिकामी आहेत." म्हणजे हे आमंत्रण माझ्या लेखनकौशल्याला नव्हतं, रिकाम्या पानांना होतं!

तरी मी हो म्हटलं. का म्हटलं ते शेवटी सांगते. तोपर्यंत ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका पोटात घाला. दहावीला मराठीत मला सगळ्यात कमी मार्क होते आणि माझी पहिलीपासूनची सवय म्हणजे विचार इंग्लिशमध्ये, भांडण मराठीत.

तर मंडळी, फ्रान्स म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर आयफेल टॉवर येतो. माझ्याही आला होता. पण आमचं एक्स्चेंज होतं बेझाँसों नावाच्या गावात. पॅरिसहून टीजीव्हीनं साधारण अडीच तास, स्वित्झर्लंडच्या सीमेजवळ. वस्ती एक लाख वीस हजारांच्या आसपास, म्हणजे आपल्या साताऱ्याएवढी. माझं मूळ गाव सातारा, म्हणून मला हे पटकन सुचलं. आणि गंमत म्हणजे साम्य इथंच संपत नाही. साताऱ्याच्या डोक्यावर जसा अजिंक्यतारा, तसा बेझाँसोंच्या डोक्यावर एक भला थोरला किल्ला आहे. खाली दू नावाची नदी जुन्या गावाला घोड्याच्या नालेसारखा वळसा घालते. नालेचं उघडं तोंड जिथं आहे, नेमका तिथंच डोंगर आणि त्यावर किल्ला. तीन बाजूंनी पाणी, चौथ्या बाजूला तट. शत्रूनं यायचं कुठून?

सोमवार ते शुक्रवार काही वाटायचं नाही. लेक्चर्स, लॅब, असाइनमेंट्स. लेक्चर्स इंग्लिशमध्ये असायची, त्यामुळे कॅम्पसवर माझं सगळं आलबेल होतं. खरी परीक्षा असायची रविवारी.

पहिला रविवार मी कधीच विसरणार नाही. शनिवारी रात्री उशिरापर्यंत जागले, रविवारी दुपारी दोनला उठले आणि आरामात दूध-ब्रेड आणायला निघाले. बघते तर काय, सगळं बंद! दुकानं बंद, सुपरमार्केट बंद, रस्त्यावर माणूस नाही, बसही तासानं एखादी. मला वाटलं दंगल झाली की काय! अर्धा तास चालले तेव्हा एक आजोबा कुत्रा फिरवताना दिसले. मी इंग्लिशमध्ये विचारलं, "दुकान कुठं उघडं आहे?" त्यांनी हात पसरले, खांदे उडवले आणि दोनच शब्द बोलले, "से दिमाँश." आज रविवार आहे. बस्स. एवढं कारण पुरेसं होतं. त्या दिवशी मी आईनं दिलेल्या चिवड्यावर दिवस काढला. रात्री डबा रिकामा झाला आणि मला रडू आलं. चिवडा संपला म्हणून आलं की दिवसभर कुणाशी एक वाक्य धड बोलले नाही म्हणून आलं, ते अजून कळलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी माझ्या मजल्यावरच्या व्हिएतनामच्या मुलीला हे सांगितलं. तिचंही तेच झालं होतं, फक्त चिवड्याच्या जागी नूडल्स. मग एक मोरोक्कोचा मुलगा आमच्यात आला. त्याला फ्रेंच फाडफाड येत होतं, त्यामुळे तो आपोआप लीडर झाला. ठरलं, दर रविवारी बाहेर पडायचं. खोलीत बसायचं नाही. बसायचं असेल तर नदीकाठी बसायचं.

पहिली स्वारी अर्थातच किल्ल्यावर. सतराव्या शतकात चौदाव्या लुईनं हा भाग जिंकल्यावर व्होबाँ नावाच्या त्याच्या लष्करी इंजिनियरनं हा किल्ला बांधला. २००८ मध्ये व्होबाँचे बारा किल्ले युनेस्कोच्या यादीत गेले, त्यात हा एक. चढ चांगला दमवतो, पण वरून नदीचा पूर्ण वळसा दिसतो आणि मग दम विसरायला होतं. मी फोटोंवर फोटो काढत होते. मग मोरोक्कोच्या मित्रानं एका जागी थांबवलं. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी या किल्ल्यात शंभर जणांना गोळ्या घातल्या. त्यात आंरी फेर्ते नावाचा एक शाळकरी मुलगा होता, सोळा वर्षांचा. तारीख २६ सप्टेंबर १९४३. मी मोबाईल खिशात ठेवला. उतरताना आम्ही कुणीच फारसं बोललो नाही.

पुढच्या रविवारी गाव. जुन्या गावात एक छोटा चौक आहे, त्यात व्हिक्टर ह्यूगोचं जन्मघर आहे. १८०२ मध्ये तो तिथं जन्मला आणि काही आठवड्यांतच त्याचे आईवडील त्याला घेऊन गेले. तरी गाव अजून त्याच्या नावानं मिरवतंय! त्याच चौकात सिनेमावाले ल्युमिएर बंधूही जन्मले, ऑग्युस्त १८६२ मध्ये आणि लुई १८६४ मध्ये. याच भावांचे सिनेमे ७ जुलै १८९६ ला मुंबईच्या वॉटसन हॉटेलात दाखवले गेले होते आणि भारतात सिनेमा आला. मी हे मोठ्या अभिमानानं दोघांना सांगितलं, जणू प्रोजेक्टर मीच चालवला होता.

पण बेझाँसोंची खरी ओळख म्हणजे घड्याळं. दीडशे-दोनशे वर्षं हे गाव फ्रान्सच्या घड्याळ-उद्योगाचं मुख्य गाव होतं. तिथल्या कथीड्रलमध्ये एक खगोल-घड्याळ आहे. ऑग्युस्त-ल्युसियाँ व्हेरिते यानं १८६० च्या सुमाराला पूर्ण केलेलं. तीस हजारांच्या आसपास सुटे भाग! तास-मिनिटं तर आहेतच, पण लीप वर्ष, ग्रहणं, फ्रान्सच्या बंदरांमधली भरती-ओहोटी, सगळं काही गिअर्सवर. कॉम्प्युटर नाही, चिप नाही. आमच्या थिअरी ऑफ मशीन्सच्या सरांनी हे बघितलं असतं तर तिथंच व्हायव्हा घेतली असती. महिन्याच्या पहिल्या रविवारी 'म्युझे द्यु ताँ' म्हणजे काळाचं म्युझियमही बघितलं. सोळाव्या शतकातल्या वाड्यात आहे ते. तिथं 'लरुआ ०१' नावाचं खिशातलं घड्याळ आहे, १९०४ मध्ये पूर्ण झालेलं, नऊशे पंच्याहत्तर भागांचं. मनोऱ्यात फुकोचा लंबक संथपणे झुलतो आणि पृथ्वी फिरतेय ते डोळ्यांना दाखवतो. फिजिक्सच्या पुस्तकातल्या त्या आकृतीकडे मी दोन वर्षं रागानं बघितलं होतं. तिथं मी पाऊण तास उभी होते.

आणखी एक रविवार आर्क-ए-सनाँचा. बेझाँसोंहून रेल्वेनं अर्ध्या तासाच्या आसपास. तिथं अठराव्या शतकातला मिठाचा सरकारी कारखाना आहे, क्लोद-निकोला लदू या आर्किटेक्टनं अर्धवर्तुळात बांधलेला. कारखाना कसला, राजवाडाच! हाही युनेस्कोच्या यादीत आहे, १९८२ पासून. गंमत ही की मिठाचं पाणी तिथं नाहीच. ते वीसेक किलोमीटरवरच्या सालँ गावातून लाकडी पाइपांतून आणायचे. का? तर मीठ करायला पाणी उकळावं लागतं, त्याला लाकूड लागतं, आणि जंगल इकडे होतं. लाकूड तिकडे वाहून नेण्यापेक्षा पाणी इकडे आणणं स्वस्त! प्लांट लोकेशनचा हा प्रश्न आम्हाला परीक्षेत आठ मार्कांना येतो.

आता तुम्ही म्हणाल, ही तर ट्रॅव्हल कंपनीची जाहिरात झाली. थांबा. मला जे सांगायचंय ते पुढेच आहे.

तिथं परदेशी विद्यार्थ्यांना रविवारी घरी जेवायला बोलावणारी काही कुटुंबं असतात. इंटरनॅशनल ऑफिसनं माझं नाव एका घरी दिलं. नोव्हेंबरातला रविवार, बाहेर चार डिग्री. मी आईनं दिलेली पैठणीच्या कापडाची छोटी पर्स भेट म्हणून घेतली आणि ट्रामनं निघाले. दार एका बाईंनी उघडलं. सत्तरीच्या, पांढरे केस, डोळे मिश्कील. मी त्यांना मादाम म्हणायचे, इथंही तेच म्हणते. घरात त्यांचा मुलगा, सून, दोन नातवंडं आणि एक शेजारी. मी शाकाहारी, म्हणून उकडलेल्या बटाट्यांवर काँकुआयोत घातलं होतं. हे तिकडचं पातळ, गरम, ओघळणारं चीज. वास ऐकून घाबरवणारा, चव मस्त.

जेवण दीड तास चाललं. आणि त्या दीड तासात मला एक अक्षर कळलं नाही. मला 'बोंजूर', 'मेर्सी' आणि 'जे न काँप्राँ पा' म्हणजे 'मला समजत नाही' एवढं येत होतं. सगळे हसले की मी हसायचे, पण एक सेकंद उशिरा. कुणी माझ्याकडे बघितलं की मान डोलवायचे. आपण टेबलावरच्या मिठाच्या बाटलीसारखे आहोत असं वाटत होतं. एकदा सगळे फारच हसले. माझ्या शेजारी मादामचा नातू बसला होता, सोळा-सतराचा, त्याला इंग्लिश येत होतं. मी हळूच विचारलं, "काय म्हणाले?" तो हसता हसता माझ्याकडे न बघता म्हणाला, "ओह, नथिंग."

मंडळी, काटा माझ्या हातात तसाच राहिला. कारण हे मी आधी ऐकलं होतं. ऐकलं नव्हतं, म्हटलं होतं.

मी सहावीत होते. शाळेचा ॲन्युअल डे. आमच्या शाळेत आवारात मराठी बोलायची बंदी होती. त्या वर्षी आजी साताऱ्याहून पुण्याला आली होती, नातीचा डान्स बघायला. नऊवारी, कपाळावर मोठं कुंकू, हातात लाडवांचा स्टीलचा डबा. डान्स झाल्यावर आमच्या टीचर भेटायला आल्या, आईशी इंग्लिशमध्ये काहीतरी बोलल्या, आजीकडे बघून हसल्या, आजीलाही काहीतरी म्हणाल्या. आजीनं माझ्याकडे बघितलं. "काय म्हणत्यात गं बाई?" तिचा आवाज खणखणीत, गावाकडचा. मागच्या रांगेतल्या माझ्या मैत्रिणींनी वळून बघितलं. मी दात-ओठ दाबून म्हटलं, "काही नाही. तू गप्प बस ना."

आजी गप्प बसली. उरलेला कार्यक्रम दीड-दोन तासांचा होता. सगळे टाळ्या वाजवायचे, मग ती वाजवायची. एक सेकंद उशिरा. त्यानंतर ती माझ्या शाळेत कधी आली नाही. मी कधी बोलावलंही नाही.

बेझाँसोंच्या त्या टेबलावर मला हे सगळं आठवलं आणि घास उतरेना. मादामच्या ते लक्षात आलं असावं. त्यांनी नातवाला काहीतरी झापलं, स्वतःची खुर्ची उचलून माझ्या शेजारी आणली आणि अगदी सावकाश, एकेक शब्द सुटा करून माझ्याशी बोलायला लागल्या. मी इकडंतिकडं बघितलं. भिंतीवर एक ब्लॅक अँड व्हाइट फोटो होता. पावसात भिजलेली माणसंच माणसं, छत्र्या, फलक. एका फलकावर तीन अक्षरं ओळखू आली. ती मी म्युझियममध्ये घड्याळांच्या तबकडीवर बघितली होती. मी म्हटलं, "लिप?"

मादामचा चेहरा असा उजळला म्हणता! त्या फोटोत त्या स्वतः होत्या. वय वीस. माझंच वय.

लिप हा बेझाँसोंचा घड्याळांचा प्रसिद्ध कारखाना. १९७३ मध्ये मालकांनी कामगार कपात करायचं ठरवलं. कामगारांनी जूनमध्ये कारखानाच ताब्यात घेतला. घड्याळांचा साठा उचलून लपवून ठेवला, मग स्वतःच घड्याळं बनवायला आणि विकायला सुरुवात केली, आणि आलेल्या पैशांतून पगार वाटून घेतले. बॉसशिवाय! ऑगस्टमध्ये पोलिसांनी कारखाना रिकामा केला. २९ सप्टेंबर १९७३ ला धो धो पावसात मोर्चा निघाला, सुमारे एक लाख माणसांचा. गावाची वस्तीच तेवढी! पुढे १९७४ मध्ये कारखाना सुरू झाला, १९७६ मध्ये पुन्हा गडगडला. हे सगळं मी नंतर नीट वाचलं. त्या दिवशी मला मादामच्या शंभर शब्दांतले पंधराच कळत होते. 'युझिन' म्हणजे कारखाना, 'पोलिस' तर आपलाच, 'प्लुई' म्हणजे पाऊस, त्यासाठी त्यांनी बोटं नाचवून दाखवली. आणि 'ग्रेव्ह'. संप.

संप! मला एकदम काहीतरी सांगावंसं वाटलं. माझ्याकडे सांगण्यासारखं होतं. मी पेपर नॅपकिन ओढला आणि त्यावर लिहिलं, १९८२, बॉम्बे. मग छातीवर हात ठेवून म्हटलं, "मों ग्राँ-पेर. ग्रेव्ह." माझे आजोबा. संप.

टेबल गप्प झालं. सगळे माझ्याकडे बघत होते, पण आता वेगळं बघत होते. मादाम पुढं वाकल्या आणि म्हणाल्या, "ए आप्रे?" आणि मग?

मी तोंड उघडलं आणि बंद केलं. फ्रेंच येत नव्हतं म्हणून नाही. मला त्याचं उत्तरच माहीत नव्हतं. मराठीत नाही, इंग्लिशमध्ये नाही, कुठल्याच भाषेत नाही. आजोबा मुंबईच्या गिरणीत होते, संप झाला, मग ते साताऱ्याला परत आले, एवढ्या तीन ओळी मला ठाऊक होत्या. आजोबा मी चौथीत असताना गेले. आजी होती, पण तिला मी कधी विचारलं नव्हतं. आमचं फोनवरचं बोलणं म्हणजे "जेवलीस का?" "हो." "अभ्यास?" "चालू आहे." "बरं, ठेवते."

मी मादामना म्हटलं, "जे न..." आणि पुढचा शब्द सापडेना. त्यांनी माझा हात थोपटला आणि ताटात आणखी एक बटाटा वाढला. आजी लोक जगात सगळीकडे सारख्याच!

खोलीवर परतल्यावर मी लगेच साताऱ्याला फोन लावला. तिकडे रात्रीचे साडेनऊ. आजी घाबरली. "काय झालं गं? बरी हाईस न्हवं?"

"बरी आहे. आजी, संपाच्या वेळी काय झालं होतं?"

"कंचा संप?"

"गिरणीचा. आजोबांचा."

थोडा वेळ काहीच आवाज नाही. मला वाटलं रेंज गेली. मग म्हणाली, "आता गं काय काढलंस ते? त्या फ्रान्सात तुला गिरणी कुठनं आठवली?"

मी तिला मादामची गोष्ट सांगितली. आणि मग आजी बोलायला लागली. एक तास दहा मिनिटं.

आजोबा साचेखात्यात होते, लालबागच्या एका गिरणीत. आजी खोलीवर खाणावळ चालवायची. चौदा माणसं जेवायला, सगळी आपल्याच भागातली, घरदार गावी ठेवून आलेली. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. डॉक्टर दत्ता सामंतांचा. अडीच लाख गिरणी कामगार बाहेर. सगळ्यांना वाटलं महिन्याभरात मिटेल. "मी दोन महिनं उधारीवर जेवू घातलं," आजी म्हणाली. "भाकरी कमी केली न्हाई. डाळ पातळ केली." मग एकेक करून माणसं गावाला गेली. चौदातली नऊ जणं पैसे बुडवून गेली. "बुडवून म्हंजी काय, त्यांच्याकडं तरी कुठं व्हतं?" पितळी पातेली मोडीत गेली. खोली सुटली. साताऱ्याला आल्यावर आजोबांनी मिळेल ते काम केलं आणि आजी स्टँडजवळ भाकरी-पिठलं विकायला बसली. माझे पप्पा तेव्हा सात वर्षांचे होते, शाळा सुटली की पाणी भरून द्यायचे. पप्पांनी हे मला कधीच सांगितलं नाही. मला कॉन्व्हेंटमध्ये घालायला त्यांनी दोन दिवस रांग लावली होती, ते मात्र दहादा सांगितलंय.

मी विचारलं, "मग संप मिटला कधी?"

आजी हसली. "मिटला न्हाईच. कुणी मागंच घेतला न्हाई त्यो. तुझं आजोबा म्हणायचे, मी कामावरनं सुटलेलो न्हाई, मी अजून संपावर हाय."

मी ते वाक्य वहीत लिहून घेतलं. इंग्लिशमध्ये लिहायला गेले, नीट जमेना. मग ती म्हणाली तसंच लिहिलं.

डिसेंबरात मादामनी पुन्हा बोलावलं. या वेळी मी तयारीनं गेले. आमच्या फ्रेंचच्या क्लासमध्ये 'आपल्या कुटुंबाबद्दल लिहा' असा होमवर्क होता, त्यात मी आजीची खाणावळ लिहिली होती. दीड पान. मॅडमनी लाल पेननं रक्तबंबाळ करून दिलं होतं, ते मी शुद्ध करून जेवणानंतर वाचून दाखवलं. माझे उच्चार ऐकून नातवाला दोनदा हसू आलं, पण या वेळी त्यानं माझ्याकडे बघून, शब्द नीट करून सांगितला. मादामनी सगळं ऐकलं. वाटलं त्या मालकांबद्दल, सरकारबद्दल काही बोलतील. त्यांनी विचारलं, चौदा माणसांचा स्वयंपाक तुझी आजी एकटी करायची? किती वाजता उठायची? मी म्हटलं, चार वाजता. हे मला आता माहीत होतं!

निघताना त्यांनी आजीसाठी घरच्या प्लमच्या जॅमची बाटली दिली. ती मी तीन स्वेटरांत गुंडाळून आणली. आजीनं बोटानं चाखून बघितलं आणि निकाल दिला, "साखरांब्यासारखं हाय. जरा आंबटच. पण बाईनं मन लावून केलंय."

त्याच दिवशी मी तिला ॲन्युअल डेची आठवण काढून दिली. म्हटलं, "मी तुला गप्प बस म्हणाले होते." बोलताना माझा आवाज फाटला. आजी लसूण सोलत होती. मान वर न करता म्हणाली, "ते मला न्हाई ठावं. डब्यातलं लाडू तू खाल्लं न्हाईस, मैत्रिणींनाबी दिलं न्हाईस, तेवढं ध्यानात हाय." म्हणजे तिला सगळं ठाऊक होतं.

मग तिनं विचारलं, "त्या मास्तरीण काय म्हणाल्या व्हत्या गं?"

मला आठवत नव्हतं. खरंच आठवत नव्हतं. हे मला आता कधीच तिला सांगता येणार नाही.

तर मी मराठीत लिहायला हो का म्हटलं त्याचं हे कारण. इंग्लिशमध्ये लिहिलं असतं तर चुका कमी झाल्या असत्या, पण आजीला वाचता आलं नसतं. आजी सातवी शिकलेली आहे आणि पेपर अगदी छोट्या जाहिरातींसकट वाचते. हा अंक तिला पोस्टानं पाठवणार आहे. आता माझा रविवार ठरलेला आहे. सकाळी दहाला फोन, आजी बोलते, मी लिहिते. वहीची बेचाळीस पानं झालीत. आम्ही अजून १९८४ मध्येच आहोत.

यंदाच्या आपल्या गॅदरिंगला ती येणार आहे. सोबत लाडवांचा डबा असेल. कुणी स्टेजवर इंग्लिशमध्ये काही बोललं तर मी तिच्या शेजारी बसून सांगणार आहे, एक सेकंद उशिरा का होईना, सगळं सांगणार आहे. मागच्या रांगेतल्यांना आमच्या बोलण्याचा त्रास झाला तर आधीच सॉरी.

आणि हो, तुमच्यापैकी कुणी बेझाँसोंला जाणार असेल तर ब्रेड शनिवारी संध्याकाळीच घेऊन ठेवा!

(टी. ई. मेकॅनिकल)